रानफुलांची तिकिटे: कागद, डिंक आणि पावसाळा

प्रश्न (रत्नागिरी): ब्रिटनने १९६७ साली काढलेल्या रानफुलांच्या कोऱ्या तिकिटांचे माझ्याकडे दोन संच आहेत. चित्रे आणि छिद्रण (कडेची भोके) सारखेच असताना तिकिटांच्या सूचीत त्यांना वेगळे क्रमांक का दिले आहेत? डिंकात फरक असेल का?

उत्तर (वेंगुर्ले): फरक डिंकात नसून फॉस्फरच्या (अतिनील प्रकाशात चमकणाऱ्या द्रव्याच्या) पट्ट्यांत आहे. टपाल छाननीच्या यंत्रांना तिकीट ओळखता यावे म्हणून हे पट्टे छापत असत आणि हा संच साधा व फॉस्फरयुक्त अशा दोन्ही रूपांत निघाला. तिकीट खिडकीपाशी तिरपे धरून पाहावे. पट्ट्यांच्या जागी पृष्ठभागाची चकाकी बदललेली दिसते. पीव्हीए हा कृत्रिम डिंक ब्रिटनमध्ये १९६८ पासून आला, त्यामुळे तो प्रश्न त्यानंतरच्या तिकिटांचा आहे: आधीचा अरबी डिंक (झाडापासून मिळणारा) चकाकतो, पीव्हीए मंद आणि जवळजवळ रंगहीन असतो.

उत्तर (अलिबाग): वरील माहिती अगदी योग्य आहे. मात्र आपल्या किनाऱ्यावर डिंकाची पारख करण्याआधी तो टिकवणे अधिक निकडीचे आहे, कारण अरबी डिंक हवेतील ओलावा शोषतो आणि आषाढातल्या दमट हवेत तिकिटे एकमेकांना किंवा पानाला चिकटतात. मग चकाकीवरून काहीही ठरवता येत नाही. अल्बम आडवे रचून दाबू नयेत, उभे ठेवावेत, डब्यात सिलिका जेल घालावे आणि तपासणी शक्यतो कोरड्या हिवाळ्यात करावी.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. एका संचावर पट्टे स्पष्ट दिसले.