पती वारले, सातबाऱ्यावर नाव नाही आणि दीर हक्कसोडपत्र मागतात: पुढे काय करावं?

गावसखी:
आमच्या बचत गटातल्या एका ताईंसाठी विचारतेय. पतीला जाऊन आठ महिने झाले. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ६ वर्षांची. सासूबाई आहेत, सासरे आधीच वारले. जमीन दोन गट क्रमांकांत आहे. पहिला गट १ हेक्टर २० आर, सातबाऱ्यावर एकट्या पतीचं नाव. दुसरा ८० आर, त्यावर थोरल्या दिरांचं नाव आणि पुढे 'ए.कु.मॅ.' असं लिहिलंय. पतीच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज थकलंय. दीर म्हणतात, आधी स्टँपवर हक्कसोड करून द्या, मग मुलांचं बघू. शिवाय कुणीतरी सांगितलं की तीन महिने उलटले आणि कर्ज आहे, आता नोंद होत नाही. नक्की काय खरं?

फेरफार_सहा:
आधी एक गोष्ट त्या ताईंना आजच सांगा: कुठल्याही कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका, कोऱ्या स्टँपवर तर नाहीच. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावं लागतं, पण घरातल्या स्टँपवरची सही पुढे 'हिने संमती दिली होती' म्हणून नाचवली जाते. मुलांचा हिस्सा तर आईलाही परस्पर सोडता येत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ८ प्रमाणे अज्ञान मुलांची स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायला न्यायालयाची परवानगी लागते.

तीन महिन्यांचं म्हणाल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ मध्ये वारसाने तीन महिन्यांत कळवावं असं आहे. उशीर झाला म्हणून हक्क बुडत नाही, नोंदही नाकारता येत नाही. कर्जाचंही तसंच. सोसायटीचा बोजा 'इतर हक्क' रकान्यात होता तिथेच राहतो, वारस नोंदीला त्याची आडकाठी नाही.

अर्ज ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (म्हणजे पूर्वीचे तलाठी) द्या किंवा ई-हक्क प्रणालीतून करा. सोबत मृत्यू दाखला, दोन्ही गटांचे सातबारे, आठ-अ (खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा), रेशनकार्ड, आधार आणि सगळ्या वारसांची नावं, वय, नातं असलेलं प्रतिज्ञापत्र. त्यात सासूबाईंचं नाव घालायला विसरू नका. आई प्रथम वर्गातली वारस आहे. तिला वगळलं की हरकतीला आयतं कारण मिळतं. शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क माफ आहे, तेव्हा त्यासाठी स्टँपचा खर्च करू नका. अर्ज हाती दिलात तर दुसऱ्या प्रतीवर तारीख-सहीची पोच घ्या. तोंडी नकाराला अपील करता येत नाही, लेखी नकाराला येतं.

त्यानंतर गाव नमुना ६-क मध्ये वारस चढतात, मग नमुना ६ मध्ये फेरफार (हक्कबदलाची नोंद) धरला जातो, कलम १५० ची नोटीस लागते आणि हरकतीला १५ दिवस मिळतात. 'ती माहेरी राहते' किंवा 'पुन्हा लग्न करेल' ही वारसा नाकारायची कारणं नव्हेत. मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद रद्द केली तर ६० दिवसांत प्रांताधिकाऱ्यांकडे कलम २४७ खाली अपील करता येतं.

आता खरी मेख. फेरफार मंजूर झाला की लगेच डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि नाव कुठल्या रकान्यात आलंय ते पाहा. मुलाचं नाव कब्जेदार सदरी (जमीनधारकाच्या रकान्यात) आणि विधवेचं, मुलीचं नाव 'इतर हक्कात' ही जुनी खोड अजूनही दिसते. इतर हक्कातल्या नावावर ना कर्ज मिळतं ना योजना. ताईंचं, दोन्ही मुलांचं आणि सासूबाईंचं, चारही नावं कब्जेदार सदरीच हवीत, मुलांपुढे 'अ.पा.क. आई' असं यायला हवं. म्हणजे अज्ञान पालनकर्ती तीच, दीर नव्हे. हे मागणं अर्जातच लिहून द्या.

गावसखी:
फार मदत झाली. दोन गोष्टी राहिल्या. लग्नाची नोंदणी झालेली नाही. आणि पहिला गट पतीला भावांच्या वाटपात आलेला आहे, विकत घेतलेला नाही. वाटणी समान चार हिश्श्यांची का?

सनद_आणि_सातबारा:
लग्नाची नोंदणी नसली तरी चालतं. रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, मतदार यादी, शाळेच्या दाखल्यावरचं आईचं नाव, यातलं जे असेल ते जोडा.

हिश्शाचं मात्र नीट समजून घ्या. पतीने स्वतः घेतलेली जमीन असती तर चौघांना प्रत्येकी १/४. वडिलोपार्जित जमीन वाटपात आलेली असेल तर हिशेब बदलतो. पती जाण्याच्या लगेच आधी वाटप झालं असं धरायचं. त्यात पती, पत्नी, मुलगा, मुलगी यांना प्रत्येकी १/४ (हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेतली हिस्सेदार आहे, आणि पत्नीलाही वाटपात मुलाइतका हिस्सा मिळतो). मग पतीचा १/४ चार वारसांत, म्हणजे प्रत्येकी १/१६. एकूण ताईंना ५/१६, मुलाला ५/१६, मुलीला ५/१६ आणि सासूबाईंना १/१६. हिशेबाची ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई या खटल्यात घालून दिली. वारस नोंदीत हिस्से लिहिले जात नाहीत, फक्त नावं येतात. हिस्से ठरतात ते सर्वसंमतीने महसूल संहितेच्या कलम ८५ च्या वाटपात किंवा दिवाणी दाव्यात. म्हणून आत्ता हिश्शावरून भांडण काढून नोंद अडवून घेऊ नये.

पुनर्विवाहाचा धाक घालत असतील तर विधवेचा वारसा त्यामुळे जात नाही. हिंदू वारसा कायद्यातलं कलम २४ हे २००५ मध्येच काढून टाकलंय.

दुसऱ्या गटाकडे दुर्लक्ष करू नका. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. दीर तिथे सगळ्यांच्या वतीने आहेत, एकटे मालक नाहीत. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकांवरून सासऱ्यांच्या मृत्यूनंतरचा फेरफार शोधा आणि त्याची नक्कल घ्या. त्यात पतीचं नाव वारस म्हणून असणारच. त्या आधारे तहसीलदारांकडे महसूल संहितेच्या कलम १५५ खाली ए.कु.मॅ. शेरा कमी करून सर्वांची नावं लावायचा अर्ज करा आणि पतीच्या जागी वारसांची नोंद मागा. त्या फेरफारात नणंदांची नावं असतील तर तीही कब्जेदार सदरी यायला हवीत. एका बाईचा हक्क मिळवताना दुसरीचा गिळायचा, असं होता कामा नये.

रब्बी_खरीप:
कर्जाबद्दल थोडं. वारस मिळालेल्या मालमत्तेपुरतेच जबाबदार असतात, स्वतःच्या मजुरीतून नव्हे. फक्त ताई जामीनदार आहेत का, ते सोसायटीच्या कर्ज रोख्यावर बघा. तसं असेल तर गणित वेगळं.

नोंद झाली की क्रम असा ठेवा: आधी स्वतःच्या नावाचा आठ-अ, मग ॲग्रिस्टॅकचा (शेतकऱ्यांच्या सरकारी डिजिटल नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक, मग पीएम-किसान. पीएम-किसानला १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन चालत नाही, अपवाद वारसाने आलेल्या जमिनीचा. म्हणून कुणी 'बक्षीसपत्र करून देतो, वारस नोंद कशाला' असं सुचवलं तर नाही म्हणा; तो रस्ता धरला तर वर्षाचे ६००० रुपये जातील. बँक खातंही एकटीच्या नावाचं असू द्या, दिरांबरोबर संयुक्त नको.

बचत गटातल्या ज्यांचे पती हयात आहेत त्यांच्यासाठीही एक मार्ग आहे. लक्ष्मी मुक्ती योजनेत पतीने अर्ज केला की पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. १९९२ पासून सोय आहे, त्यामागे शेतकरी संघटनेची मोहीम होती. गटाच्या मासिक बैठकीत प्रत्येकीने आपला सातबारा आणावा आणि सगळ्यांनी मिळून कब्जेदार रकाना वाचावा.

गावसखी:
सासूबाई आमच्या बाजूने आहेत, प्रतिज्ञापत्रावर सही करायला तयार आहेत. सोमवारी दोन्ही गटांचे अर्ज एकदम देतोय, पोच घेऊनच परतणार.