विषय: केगवर्थला घर घ्यावं का? विमानतळाजवळ राहणाऱ्यांनी कृपया सांगा

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमधल्या केगवर्थ गावात एक घर फार आवडलंय. मागे छोटी बाग आहे आणि नॉटिंगहॅमला ऑफिसला जाणंही सोयीचं. दोनदा रविवारी दुपारी जाऊन पाहिलं. ईस्ट मिडलंड्स विमानतळ जवळच आहे, पण तेवढ्या वेळात एक-दोनच विमानं गेली. बाळ आठ महिन्यांचं आहे म्हणून विचारते, आवाजाचा त्रास होतो का?

———

ताई, नमस्कार.

रविवारच्या दुपारवर कृपा करून जाऊ नका. हा विमानतळ रात्री जागा होतो. मी तिथल्या एका गोदामात सहा वर्षं रात्रपाळी केली आहे, आता विमानतळाशेजारच्या कॅसल डोनिंग्टनला राहतो.

मालवाहतुकीत ब्रिटनमध्ये लंडनच्या हीथ्रोचा नंबर पहिला, पण तिथला बहुतेक माल प्रवासी विमानांच्या पोटातून येतो. आपल्या हापूसच्या पेट्याही तशाच. फक्त माल वाहणारी विमानं धरली तर देशात ईस्ट मिडलंड्स सगळ्यात पुढे. डीएचएल, यूपीएस, फेडेक्स, रॉयल मेल, पार्सल पोहोचवणारे सगळे तिथे आहेत, आणि रात्रीच्या उड्डाणांना तिथे बंदी नाही. कारण साधं आहे: संध्याकाळी गोळा केलेलं पार्सल सकाळी दारात हवं, तर मधली रात्रच हाताशी उरते. जर्मनीतल्या लाइपझिग, कोलोनकडची विमानं रात्री येतात, माल उतरतो, निवडून वेगळा केला जातो, नवा भरतो आणि पहाटेच्या आत ती परत जातात. सोमवार ते गुरुवार रात्री धावपळ खरी, शनिवारी रात्री बरीच शांतता. म्हणजे तुम्ही पाहिलात तो आठवड्यातला सगळ्यात फसवा वेळ.

दुसरं, वारा. विमान वाऱ्याच्या तोंडावर उतरतं आणि उडतं. धावपट्टी पूर्व-पश्चिम, इथला वारा बहुतेक पश्चिमेचा. म्हणून उतरणारी विमानं बरेचदा पूर्वेकडून, केगवर्थच्या अंगाने, खूप खाली येतात. पूर्वेचा वारा असला की उतरणं पश्चिमेकडच्या मेलबर्न गावाच्या बाजूने, आणि उड्डाणं तुमच्याकडे. गावाच्या कुठल्या टोकाला घर आहे यावर फार फरक पडतो. चार गल्ल्या पलीकडे गेलात तरी कान वेगळं सांगतील.

विमानतळाची घरांना ध्वनिरोधक खिडक्यांसाठी अनुदान देणारी योजना आहे. हे घर तिच्या हद्दीत येतं का आणि खिडक्या आधीच बदलल्यात का, हे एजंटला लेखी विचारा. तोंडी उत्तरावर विसंबू नका.

माझी मुलगी याच आवाजात वाढली, गाढ झोपते. पण प्रत्येक बाळाचं सांगता येत नाही, म्हणून घाई नको. बुधवारी रात्री आमच्याकडे जेवायला या. बाळाला घेऊनच या. साडेअकराला त्या घराच्या रस्त्यावर गाडी लावून, काचा खाली करून तासभर बसू.

———

दादा, इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. बुधवारी नक्की येतो. वारा पश्चिमेचाच असेल असं हवामानात दिसतंय. पुरणपोळ्या मी घेऊन येते, वहिनींना दुसरं गोड करू देऊ नका.