इमारत पाडताना भित्तिचित्र काढून दुसरीकडे बसवणं म्हणजे ते वाचवणं का?

उंबरठा (धागाकर्ता)
लंडनच्या फॅरिंगडन स्ट्रीटवर फ्लीट बिल्डिंग ही टेलिफोन एक्स्चेंजची इमारत होती. तिच्या रस्त्याकडच्या भिंतीवर १९६० साली चित्रकार डोरोथी ॲनन यांची नऊ सिरॅमिक चित्रं बसवली गेली. समुद्रातल्या केबलचे बोये, माळरानावरून गेलेल्या तारा, ऑसिलोग्राफच्या (विद्युतलहरी दाखवणाऱ्या यंत्राच्या) पडद्यावरच्या लहरी असे विषय. एका चित्राचे ३०० पौंड ठरले होते. ॲनन यांनी लफबरोच्या हॅदर्नवेअर कारखान्यात जाऊन ओल्या मातीच्या टाइलवर स्वतः रेषा कोरल्या. नोव्हेंबर २०११ मध्ये या चित्रांना ग्रेड दोनचं (ब्रिटनच्या संरक्षित वारसा-यादीतलं) संरक्षण मिळालं, २०१३ मध्ये ती बार्बिकन या निवासी संकुलाच्या पादचारी मार्गावर हलवली, आणि पुढे इमारत पाडली.

हे यश म्हणून सांगितलं जातं, मला ते पटत नाही. एक्स्चेंजच्या बंद भिंतींआड काय चालतं, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगण्यासाठी ही चित्रं होती. निवासी संकुलात तो संबंधच तुटला. शिवाय आता कुठलाही विकासक म्हणू शकतो, 'चित्र हलवतो, इमारत पाडू द्या.' न्यू बाँड स्ट्रीटवरच्या टाइम अँड लाइफ बिल्डिंगमध्ये शिल्पकार हेन्री मूर यांचा पोर्टलँड दगडाचा पडदा गच्चीच्या कठड्याच्याच जागी आहे. तो काढला तर इमारतीला भगदाड पडेल. चित्र आणि भिंत असे एकजीव ठेवायला हवेत.

दर्जाभरणी
साफ असहमत. फ्लीट बिल्डिंगची चित्रं हलवली नसती तर ती राडारोड्यात गेली असती. चित्र आणि भिंत एकजीव ठेवण्याचा तुमचा पर्याय तिथे उपलब्धच नव्हता.

आणि ती हलवता आली ती त्यांच्या बनावटीमुळे. एका चित्रात ४० टाइल, नऊ चित्रं मिळून ३६०. भट्टीत पक्क्या भाजलेल्या टाइल, एकेक सुटी मोजता येणारी. असं काम हाती घेताना आधी प्रत्येक टाइलला क्रमांक द्यायचा आणि पारदर्शक पॉलिस्टर फिल्मवर पूर्ण मापाची नक्कल उतरवायची. मग लाकडी ठोकणीने हलकेच टकटक करून पोकळ आवाजाच्या जागा नकाशावर खुणावायच्या. दर्शनी बाजूला पातळ जपानी कागद पॅरालॉइड बी-७२ या ॲक्रिलिक राळेने चिकटवायचा, तो नंतर ॲसिटोनने सुटतो.

खरी गडबड पुढे होते. त्या काळात टाइल बहुधा पोर्टलँड सिमेंटच्या कडक मसाल्यात बसवत. मसाला टाइलपेक्षा बळकट असला, तर पुढून पहार लावताच टाइलची पाठ भिंतीलाच राहते आणि झिलई हातात येते. म्हणून पुढून उचकटायचंच नाही. दर्जा (टाइलमधल्या भरलेल्या फटी) बारीक कंपन-करवतीने मोकळ्या करायच्या (अँगल ग्राइंडरने कडांची झिलई उडते), भिंत मागून पोखरत यायचं, आणि टाइलला दोन-तीन सेंटिमीटर मसाला तसाच ठेवून तुकडा उतरवायचा. तो मसाला नंतर टेबलावर सावकाश काढायचा. नव्या जागी स्टेनलेस स्टीलचीच चौकट हवी. साधं लोखंड गंजून फुगतं आणि टाइल फोडतं.

काचतुकडा
दर्जाभरणी, तुमची कृती सिरॅमिकला ठीक आहे, काचेच्या मोझेकला नाही. इंग्लंडमधल्या हल शहरातलं, दुकानाच्या इमारतीवरचं ॲलन बॉयसन यांचं १९६३ चं 'थ्री शिप्स' हे मोझेक घ्या. ६६ फूट बाय ६४ फूट, फूटभराच्या चौकोनात २२५ तुकडे. म्हणजे साडेनऊ लाखांच्या वर. आणि भिंत वक्र, त्यामुळे एकच सपाट पाठ देऊन फळ्या कापता येत नाहीत. त्यात इमारतीत ॲस्बेस्टॉस सापडलं, म्हणजे मागून पोखरायची तुमची वाट तर जवळपास बंदच.

मोझेकचे ताव कागदावर उलटे चिकटवून येतात. ते ओल्या मसाल्यावर दाबायचे, पकड आली की कागद भिजवून सोलायचा. काच पाणी शोषत नाही, म्हणून पकड फक्त मागच्या खाचांत आणि कडांत भरलेल्या सिमेंटच्या लुकणाची. ते लुकण कोरडं पडल्यावर ताव लावला असेल, तर पूर्ण पट्टा सुटतो. असं काम जागेवर ठेवूनच दुरुस्त करावं.

सांधेमोड
जागेवर ठेवा म्हणणाऱ्यांनी मँचेस्टरचा सीआयएस टॉवर (एका विमा संस्थेची उंच कार्यालयीन इमारत) विसरू नये. १९६२, उंची ११८ मीटर. त्याच्या बिनखिडक्यांच्या सेवा-मनोऱ्यावर १ कोटी ४० लाख राखाडी मोझेक तुकडे होते. सहा महिन्यांतच पडायला लागले. कारण, प्रसरणाला सांधेच पुरेसे सोडले नव्हते. नवं काँक्रीट वर्षानुवर्षं आकसतं, आवरण आकसत नाही. दोघांतला ताण चिकटलेल्या थरावर येतो आणि आवरण फुगून सुटतं. मग फटीत पाणी, हिवाळ्यात त्याचा बर्फ. दर मजल्याला आडवा आणि साधारण साडेचार मीटरच्या आत उभा सांधा असता, तर हा ताण विभागला गेला असता.

इमारत १९९५ पासून ग्रेड दोनमध्ये आहे, तरीही २००५ पर्यंत त्या मनोऱ्यावर ७,२४४ सौर पट्ट्या बसल्या. खर्च ५५ लाख पौंड. मला हा निर्णय योग्य वाटतो. रस्त्यावर तुकडे पडत असताना मूळपणाचा हट्ट धरता येत नाही.

उंबरठा (धागाकर्ता)
सांधेमोड, मनोऱ्यावरचं मोझेक आवरण होतं, चित्र नव्हतं. त्याच इमारतीच्या प्रवेशदालनातलं विल्यम मिचेल यांचं ब्राँझच्या झळाळीचं फायबरग्लासचं भित्तिशिल्प बघा. ते आत आहे, पाऊस नाही, ऊन नाही. बाहेरच्या आवरणाचं अपयश दाखवून आतलं काम हलवायला कुणी सांगू नये.

सिरॅमिकबद्दल दर्जाभरणींचं ऐकून एक बदल करतो. पाडणं अटळच असेल तर हलवा, पण 'अटळ' कुणी ठरवायचं? होबर्नचं स्टेट हाउस पाडलं आणि बार्बरा हेपवर्थ यांचं 'मेरिडियन' हे ब्राँझ शिल्प अमेरिकेत, पेप्सिकोच्या बागेत गेलं. ब्राँझ शाबूत आहे, लंडनकडे मात्र काही उरलं नाही.

कलम५७
ब्रिटनच्या १९८८ च्या कॉपीराइट कायद्यात कलावंताला कलाकृतीच्या विद्रूपीकरणावर हरकत घेता येते, पण संपूर्ण नाश त्यात बसवणं अवघड जातं. आपल्याकडे अमरनाथ सहगल यांच्या विज्ञान भवनातल्या ब्राँझ भित्तिशिल्पाबाबत दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उलट भूमिका घेतली, अवशेष परत द्यायला लावले आणि ५ लाखांची भरपाई दिली. ब्रिटनमध्ये मालकावर खरा वचक फक्त संरक्षित यादीचा.

दर्जाभरणी
'अटळ' ठरवायच्या आधी निदान एक चाचणी सक्तीची हवी. कोपऱ्यातल्या, चित्राच्या दृष्टीने कमी महत्त्वाच्या दोन टाइल मागून पोखरून काढायच्या. त्या अखंड आल्या तरच हलवण्याचा प्रस्ताव मंजुरीला ठेवायचा. पाठ फुटली, तर हलवण्याचं आश्वासन देऊन पाडण्याची परवानगी मागता येऊ नये. आणि काढलेल्या टाइल लगेच नव्या भिंतीला लावायच्या नाहीत. भिंतीतले क्षार पाण्यात उतरवावे लागतात. पाणी बदलत राहायचं आणि त्याची विद्युतवाहकता मोजायची. ती स्थिर होईपर्यंत थांबायचं, नाहीतर टाइल सुकल्यावर झिलईखाली क्षार फुलतात आणि ती पापुद्र्यासारखी निघते.

काचतुकडा
दोन टाइलच्या चाचणीला सहमत. मोझेकसाठी मात्र चौरस फुटाचा एक अख्खा ताव काढून बघा, आणि तो वळणाच्या भागातलाच घ्या.