सतीवुस, सतीवा, सतीवुम

वनस्पतींच्या शास्त्रीय (लॅटिन) नावांत भात ओरिझा सतीवा, लसूण आलियुम सतीवुम आणि काकडी कुकुमिस सतीवुस असं का, हा प्रश्न पडतो. शब्द एकच आहे. आपल्या पांढरा-पांढरी-पांढरे सारखं हे विकारी विशेषण आहे, आणि ते प्रजातीच्या नावाच्या (म्हणजे शास्त्रीय नावातल्या पहिल्या शब्दाच्या) लिंगाप्रमाणे बदलतं. ओरिझा स्त्रीलिंगी, आलियुम नपुंसकलिंगी, कुकुमिस पुल्लिंगी. (पाठ्यपुस्तकांतला ‘सटायव्हा’ हा इंग्रजी उच्चार.)

चूक होते ती नावाचा शेवट बघून लिंग ठरवताना. कुकुमिस ‘इस’ने संपतं, तरी विशेषण सतीवुसच. उलट फिकुस दिसतं पुल्लिंगी, पण लॅटिनमध्ये बहुतेक झाडांची नावं स्त्रीलिंगी, म्हणून पिंपळ फिकुस रेलिगिओसा. शिवाय काही विशेषणांना दोनच रूपं असतात, पुल्लिंगी-स्त्रीलिंगी एक आणि नपुंसकलिंगी दुसरं: घेवडा वुल्गारिस, जव (होर्देउम) वुल्गारे. तिथे ‘वुल्गारा’ शोधू नये.

सतीवुसचा अर्थ ‘पेरलेला, लागवडीचा’. सेरेरे म्हणजे पेरणे, त्याचं कर्मणी भूतकालवाचक धातुसाधित सातुस, त्याला ‘ईवुस’ प्रत्यय. सेमेन म्हणजे बी, तेही याच मूळ धातूचं. मात्र ‘ओवणे, जोडणे’ अर्थाचा सेरेरे हा वेगळा धातू आहे. त्याचं धातुसाधित सेर्तुस, आणि ‘सीरीज’ त्यातून आला. कोशात पाहताना हे दोन्ही हमखास एकमेकांत मिसळतात.

शब्द सारखा वाटला, तरी सतीवुसचा सात्त्विकशी संबंध नाही. तो शब्द सत्, म्हणजे अस् (असणे) या धातूवरून येतो. सतीवुसमध्ये औषधी किंवा खाण्याजोगा असा अर्थही नाही. ‘खाण्याजोगा’साठी एदुलिस हे वेगळं विशेषण आहे.