टोपलीच्या बुडाच्या काठाला वळवताना बांबूच्या कामट्या मोडतात

प्रश्न: बुड नीट विणून होतं, पण उभ्या कामट्या वर वळवल्या की गाठीवर तडकतात. रात्रभर भिजवूनही तेच. वेत वापरावा का?

उत्तर १: आधी बांबूचं वय बघा. एका वर्षाचा कोवळा बांबू वाळताना आकसतो आणि वीण सैल पडते. फार जून झालेला ठिसूळ. ३ वर्षांच्या आसपासचा चांगला. कामटीची हिरवी पाठ ठेवा, आतला पांढरट गाभा तासून टाका. बळ सगळं पाठीत असतं. गाठीचा उंचवटा आतून तासून बाकी कामटीएवढा करा, आणि शक्यतो वळण दोन गाठींच्या मधे, पेरावर येऊ द्या.

उत्तर २: वळवताना पाठ बाहेरच हवी. उलटी वळवली की गाभ्याचे तंतू ताणून उचकटतात, मग कितीही भिजवा. वळणाच्या जागी ओलं फडकं गुंडाळून थोडी ऊब द्या.

वेताची सालपट अर्धा तास भिजली तरी पुरे. जास्त भिजली तर तिचे तंतू सुटतात आणि ती केसाळ होते. सालीसकट वाळवलेल्या विलोच्या (लवचीक फांद्यांचं एक झाड) काड्यांना मात्र काही दिवस लागतात.

उत्तर ३: टोपलीखाली पिवळसर भुकटी दिसली तर तो भुंगेरा. त्याला बांबूतलं पिठूळ सत्त्व हवं असतं. म्हणून ताजा बांबू दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात. पाण्याला वास सुटतो, तेव्हा ते बदलत राहा.