श्रीराम सिंगची ५०.८५ ची पहिली फेरी: घोडचूक की बरोबर चाल?

दुसरी_फेरी
मॉन्ट्रियल ऑलिंपिक, २५ जुलै १९७६, आठशे मीटरची अंतिम शर्यत. दुसऱ्या, शेवटच्या फेरीची घंटा वाजली तेव्हा सर्वांत पुढे होता राजपुताना रायफल्सचा श्रीराम सिंग, आणि घड्याळात ५०.८५ सेकंद. घंटेनंतर क्यूबाचा आल्बेर्तो हुआंतोरेना पुढे सरकला आणि १:४३.५० च्या विश्वविक्रमासह जिंकला. श्रीराम सातवा, १:४५.७७. या शर्यतीबद्दल आपल्याकडे फक्त कौतुक ऐकू येतं, म्हणून हा धागा.

माझ्या मते ती पहिली फेरी त्याला महागात पडली. साधी वजाबाकी करा, दुसरी फेरी ५४.९२ ची येते. दोन फेऱ्यांत ४.०७ सेकंदांचा फरक! २०१२ ला लंडनमध्ये डेव्हिड रुडिशाही पहिल्यापासून पुढेच होता, पण त्याच्या फेऱ्या ४९.२८ आणि ५१.६३, म्हणजे फरक २.३५ चा. आठशेत पहिली फेरी थोडी जलद जातेच, दीड-दोन सेकंद चालतात. चार म्हणजे दिवाळं. श्रीरामने ५१.८ ला घंटा गाठली असती तर दुसरी फेरी ५३ च्या आसपास निघाली असती, एकूण १:४४.८. चौथा आलेला पश्चिम जर्मनीचा विली व्युल्बेक १:४५.२६ ला होता. म्हणजे चौथा नंबर हातचा गेला.

आतली_लेन
कागदावर सगळेच चौथे येतात हो. ५१.८ ला तो नेमका कुठे धावत असता ते सांगा. आपापली लेन सोडायची मुभा मिळाल्यावर आठही जण आतल्या कडेला येतात. मागे राहिलात तर दोनच जागा: एक तर कडेला कोंडले जाता, नाहीतर कुणाच्या तरी खांद्याला खांदा लावून दुसऱ्या लेनमधून वळणं घेता. एका लेनची रुंदी १.२२ मीटर, म्हणजे पूर्ण वळण दुसऱ्या लेनमधून घेतलं की साधारण ३.८ मीटर जास्त धावावं लागतं. पहिलं वळण लेनमध्येच जातं, उरली तीन. तिन्ही बाहेरून घेतली तर साडेअकरा मीटर, त्या वेगाला दीड सेकंद. तुम्ही वाचवलेलं सेकंद इथेच गेलं. शिवाय धक्के, पाय अडकणं, मध्येच वेग तोडून पुन्हा पकडणं वेगळंच. पुढे राहणाऱ्याला यातलं काहीच भोगावं लागत नाही.

दुसरी_फेरी
तिन्ही वळणं बाहेरून घ्यायला सांगितलंय कुणी? दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर आतल्या कडेने, पुढच्याच्या पाठीमागे दीड मीटरवर. वारा पुढच्याने खायचा, पाय आपले ताजे. मॉन्ट्रियलला वारा श्रीरामने खाल्ला आणि फायदा झाला हुआंतोरेनाला. श्रीरामच्या वेगामुळे विक्रम झाला हे हुआंतोरेनानेही नंतर मान्य केलं. आपण ते अभिमानाने सांगतो, पण त्याचा अर्थ आपला माणूस फुकटचा पेसमेकर (दुसऱ्यासाठी वेग ठरवून देणारा) झाला असा होतो.

सिंडर
+१. आणि म्युनिक १९७२ विसरू नका. डेव्ह वॉटल पहिल्या फेरीत सर्वांत मागे होता, टोपी घालून. प्रत्येक २०० चे आकडे: २६.४, २६.९, २६.४, २६.२. तो शेवटी वेग वाढवत होता असं डोळ्यांना वाटतं, खरं तर तो जवळपास एकाच वेगात धावत होता आणि बाकीचे मंदावत होते. ०.०३ सेकंदाने सुवर्ण.

श्रीरामच्या बाबतीत आणखी एक शंका. १९८२ च्या दिल्ली एशियाडच्या आधी आपल्याकडचा सराव मुख्यतः मातीच्या आणि सिंडरच्या (कोळशाच्या राखेच्या) ट्रॅकवर व्हायचा. तिथे ५२ ला जेवढा जोर लागतो तेवढ्यात सिंथेटिकवर ५१ निघतात. वेगाचा अंदाज तिथे चुकला असेल.

काटा_बघणारा
अंदाज चुकायला ती त्या ट्रॅकवरची पहिली शर्यत नव्हती, तिसरी होती. खरं उत्तर तिथेच आहे आणि तुम्ही सगळे फक्त अंतिम शर्यत उकरताय. हीटमध्येच (पहिल्या पात्रता शर्यतीत) श्रीरामने १:४५.८६ लावले, नवा आशियाई विक्रम. (गंमत म्हणजे वॉटलचं म्युनिकचं सुवर्णही बरोबर १:४५.८६ चं.) उपांत्य फेरीत १:४६.४२ आणि अंतिम शर्यतीत १:४५.७७. तीन दिवसांत तीन शर्यती, तिन्ही एका सेकंदाच्या आत! त्याची त्या वेळची कुवत किती होती ते या तीन आकड्यांतच दिसतं. १:४४.८ कुठून आणणार? फेऱ्या कशाही वाटा, डब्यात धान्य तेवढंच आहे.

दुसरी_फेरी
किंवा अर्धं धान्य हीटमध्येच सांडलं. पुढच्या फेरीत जाण्यापुरतंच धावायचं असतं, विक्रम कशाला?

आतली_लेन
कारण किक, म्हणजे शेवटी अचानक वेग वाढवायची ताकद, नसलेल्या धावपटूला हीटसुद्धा जलदच लागते. शर्यत संथ झाली की शेवटच्या शंभरात ज्याच्याकडे वेग आहे तो जिंकतो. मॉन्ट्रियलच्या अंतिम शर्यतीत कोण होते बघा. हुआंतोरेना, ज्याने त्याच स्पर्धेत चारशे ४४.२६ मध्ये जिंकली. इवो व्हान डॅम १:४३.८६, रिक वोलहटर १:४४.१२. पाचवा वीस वर्षांचा स्टीव्ह ओव्हेट. अशांसमोर संथ फेरी म्हणजे स्वतःहून मान पुढे करणं. आणि तरीही अंतर किती? ओव्हेटच्या मागे ०.३३, सहाव्या सुशान्यच्या मागे ०.०२. आफ्रिकी देशांचा बहिष्कार होता आणि म्युनिकचा कांस्यविजेता माइक बोइट आलाच नव्हता, हे मान्य. तरी १९७० च्या बँकॉक एशियाडचं रौप्य, १९७४ तेहरान आणि १९७८ बँकॉकची सुवर्णं एका बाजूला, आणि ही सातवी जागा दुसऱ्या बाजूला. मी सातवी जागा निवडेन.

सिंडर
किकवाल्यांचं म्हणाल तर २०१८. जून महिन्यात गुवाहाटीला जिन्सन जॉन्सनने १:४५.६५ लावून श्रीरामचा ४२ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. दोन महिन्यांनी जकार्ता एशियाडमध्ये सुवर्ण कुणाचं? मागून आलेल्या मनजीत सिंगचं, १:४६.१५. विक्रमवीर दुसरा, १:४६.३५. महिलांच्या आठशेतल्या टिंटू लुकाचं उदाहरण तर सगळ्यांना माहीत आहे. दिल्ली २०१० च्या राष्ट्रकुलमध्ये पुढे राहिली, शेवटी सहावी.

काटा_बघणारा
टिंटूचंच घ्या. २०१४ ला इंचिऑनमध्ये १:५९.१९ ने रौप्य मिळालं ते पुढे राहूनच. पुढे राहणं चूक नाही, पहिले दोनशे उधळणं चूक. उधळलेले दोनशे लगेच दिसत नाहीत, ६५० मीटरच्या पुढे दिसतात. गुडघा उठेनासा होतो, खांदे कानाकडे चढतात, कोपरं बाहेर फाकतात, पाऊल जमिनीवर जास्त वेळ चिकटतं. धावणारा जोर वाढवतो आणि पावलं आखूड होत जातात. त्यावर उपाय सरावाच्या ट्रॅकवरच असतो. १:४६ च्या धावपटूसाठी: ६०० मीटर १:१९ ते १:२० मध्ये, फक्त एक मिनिट उभं राहायचं, मग २०० पूर्ण ताकदीने. आठ-दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा एकदा तेच. दुसऱ्या वेळचे २०० मीटर २८ च्या वर गेले तर ६०० मधला पहिला दोनशेचा आकडा तपासा. बहुतेक वेळा तिथे २५ सापडतात.

दुसरी_फेरी
म्हणजे पहिली फेरी जास्त जलद होती, हे तुम्हीही मान्य केलंत.

काटा_बघणारा
अर्धं. ५१.३ ला घंटा गाठली असती तर ओव्हेट आणि सुशान्य दोघेही मागे पडले असते, एवढं मान्य. व्युल्बेक नाही.

आतली_लेन
५१.३ ला घंटेपाशी तो तिसरा असता, बाहेरून. वळणाचा हिशोब वर दिलाय.