काउंटी कॉलेजसाठी फायनान्शियल एड, पण 2024 चं सगळं उत्पन्न भारतातलं. फॅफ्सा (सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज) कसा भरायचा?

नवीन_एनजे
नमस्कार. आम्ही मागच्या जूनमध्ये ग्रीन कार्डवर न्यू जर्सीला आलो, माझ्या मोठ्या बहिणीने स्पॉन्सर केलं होतं, खूप वर्षांनी नंबर लागला. मुलाची बारावी भारतातच झाली, आता सप्टेंबर 2026 पासून त्याला इथल्या काउंटी (म्हणजे जिल्ह्याच्या) कॉलेजला घालायचंय, दोन वर्षं तिथे आणि मग चार वर्षांच्या कॉलेजला ट्रान्सफर असा विचार आहे. मिस्टरांना वेअरहाउसमध्ये जॉब लागलाय, मला अजून काही नाही, त्यामुळे फीसाठी मदत मिळाली तरच जमेल.

फॅफ्सामध्ये 2024 चं उत्पन्न विचारतात असं कळलं, पण तेव्हा आम्ही नाशिकलाच होतो, इथला टॅक्स रिटर्न भरलेलाच नाही. एक ओळखीचे म्हणाले रिटर्न नाही तर अर्जच करता येत नाही, एक वर्ष थांबा. दुसरे एक जण 300 डॉलरमध्ये भरून देतो म्हणतायत. शिवाय आम्ही बहिणीच्याच बेसमेंटमध्ये राहतो, मग तिचं उत्पन्न धरतात का? आणि सरकारी मदत घेतली तर पुढे सिटिझनशिपला अडचण येईल का हीच जास्त भीती आहे. मी स्वतः बी.कॉम. आहे, मलाही मेडिकल कोडिंगचा (आजार-उपचारांना बिलासाठी कोड द्यायचा) कोर्स करायचाय, तर मला पण एड मिळेल का? कृपया माहीत असेल त्यांनी सांगा.

मध्य_जर्सीकर
ताई, सगळ्यात आधी ते 300 डॉलर कोणालाही देऊ नका. फॅफ्सामधला पहिला एफ म्हणजेच फ्री, स्टुडंटएड डॉट गव्ह या सरकारी साइटवर स्वतः भरायचा, अडलं तर कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसमध्ये जाऊन बसा, तिथले लोक शेजारी बसून भरून घेतात आणि एक पैसा घेत नाहीत. आणि एक वर्ष अजिबात थांबू नका!

रिटर्न नसला तरी अर्ज होतो. 2026-27 च्या फॅफ्साला 2024 चं उत्पन्न लागतं, बरोबर, पण तुम्ही तेव्हा अमेरिकेत नव्हता, तर 1040 (इथला टॅक्स रिटर्नचा फॉर्म) भरला का या प्रश्नाला नाही म्हणायचं आणि परदेशात उत्पन्न होतं हा पर्याय निवडून आकडे हाताने भरायचे, रुपयांचे डॉलर करून, फॉर्म भरताना जो रेट असेल तो धरून. समजा मिस्टरांचे तिकडे वर्षाचे नऊ लाख होते तर ते इथले साधारण दहा हजार डॉलर होतात. म्हणजे तुमचा स्टुडंट एड इंडेक्स (मदत ठरवायला फॉर्मवरून काढतात तो आकडा) खूप खाली येणार, तो उणे 1500 पर्यंत जाऊ शकतो, आणि जेवढा कमी तेवढी पेल ग्रँट, म्हणजे केंद्र सरकारची (फेडरल) मदत, जास्त. पेल 2025-26 ला जास्तीत जास्त 7,395 डॉलर होती आणि ती परत करायची नसते. काउंटी कॉलेजची फी त्यात बऱ्याचदा भागते, उरलेले पैसे मुलाच्या हातात येतात, पुस्तकं, बस, लॅपटॉप सगळ्याला चालतात. आयटीआर आणि फॉर्म 16 मात्र दोन्ही आर्थिक वर्षांचे काढून ठेवा, कारण आपलं वर्ष एप्रिल ते मार्च आणि कॉलेजने व्हेरिफिकेशनला निवडलं तर कागद मागतातच.

बहिणीचं उत्पन्न धरत नाहीत. तिने स्पॉन्सर केलं असलं, तुम्ही तिच्या घरात राहत असलात तरी ती फॉर्ममध्ये कुठेच येत नाही, फक्त मुलगा आणि तुम्ही दोघं. इथे जॉइंट रिटर्न भरलेला नाही म्हणून आई आणि वडील दोघांनाही त्या साइटवर आपापलं अकाउंट काढून टॅक्सची माहिती बघायला संमती द्यावी लागेल. संमतीच्या पानावर लोक बिचकतात, आपल्याकडे इथला टॅक्सच नाही तर कशाला म्हणून सोडून देतात, पण ती दिली नाही तर फेडरल एड शून्य. सिटिझनशिपची काळजी डोक्यातून काढा, पेल ग्रँट पब्लिक चार्जमध्ये (म्हणजे सरकारवर भार आहात का या इमिग्रेशनच्या तपासणीत) मोजत नाहीत आणि ग्रीन कार्डवाल्यांना ती कायद्यानेच मिळते.

पाटील_काकू
नावाचं बघा आधी. माझ्या पुतण्याचं इथेच अडकलं होतं. आपल्या मुलांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं असतं, पासपोर्टवर कधी वडिलांचं नाव पहिल्या नावालाच चिकटून येतं आणि सोशल सिक्युरिटी कार्डवर तसंच छापलं जातं. अकाउंट काढताना त्याने फक्त स्वतःचं नाव टाकलं आणि मॅच फेल, मग कार्ड समोर ठेवून अगदी तसंच टाकलं तेव्हा झालं. ग्रीन कार्डवर यूएससीआयएस नंबर म्हणून नऊ आकडे असतात तोच फॉर्ममध्ये विचारतात तो ए-नंबर, तो एक आकडा चुकला तरी कॉलेज पुन्हा कागद मागतं आणि दोन-तीन आठवडे जातात.

नवीन_एनजे
खूप खूप आभार, जीव भांड्यात पडला. अजून एक, नाशिकचा फ्लॅट भाड्याने दिलाय आणि गावाला थोडी शेती आहे, सातबाऱ्यावर दिरांचं पण नाव आहे. हे पण दाखवायचं का?

मध्य_जर्सीकर
मालमत्तेचे प्रश्न आले तर दाखवायचं, खरंच दाखवायचं. फॅफ्सात राहतं घर धरत नाहीत, पण आता तुम्ही तिथे राहत नाही त्यामुळे फ्लॅट गुंतवणूक म्हणून येतो, आजची किंमत वजा होम लोन. शेतीत फक्त तुमच्या हिश्श्याची किंमत, दिरांची नाही. भाडं 2024 ला येत असेल तर तेही उत्पन्नात धरा. पीएफ, पीपीएफचं मी सांगत बसत नाही, ते एड ऑफिसला विचारा, इथलं 401-के (नोकरीतलं निवृत्तीचं खातं) मात्र धरत नाहीत एवढं नक्की.

राज्याची एड वेगळी. टॅग आणि काउंटी कॉलेजसाठीची सीसीओजी या न्यू जर्सीच्या दोन ग्रँट, दोन्हीला याच फॅफ्सावरून विचार होतो, पण कॉलेज सुरू होण्याआधी सलग 12 महिने न्यू जर्सीत राहिलेलं असावं लागतं, तुमचे जूनलाच पूर्ण होतायत. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांना राज्याची तारीख 15 सप्टेंबर, पण तेवढं ताणू नका. आणि त्या काउंटीत राहत असल्याचा पुरावा लागेल, नाहीतर बाहेरच्या काउंटीची जास्त फी लावतात. भाडेकरार नाही ना तुमच्याकडे? मग बँक स्टेटमेंट, ड्रायव्हिंग लायसन्स बहिणीच्या पत्त्यावर आत्ताच करून घ्या.

स्नेहल_आरएन
तुमच्या बी.कॉम.बद्दल स्पष्टच सांगते, नेहमीची पेल बहुधा मिळणार नाही. पहिली बॅचलर डिग्री झालेली असली की ती पेल बंद, भारतातली असली तरी सहसा तेच, ती इथल्या बॅचलरच्या बरोबरीची आहे का ते कॉलेज ठरवतं, आणि फॉर्मवर ती लपवू नका, खोटी माहिती दिली तर खरंच महागात पडतं. सीसीओजीपण आधी डिग्री असेल तर नाही. वर्क-स्टडी (शिकता शिकता करायचं सरकारी मदतीचं अर्धवेळ काम) आणि फेडरल लोन चालतात, पण मेडिकल कोडिंगसाठी कर्ज काढावं असं मला वाटत नाही. त्यापेक्षा तुमच्या काउंटीच्या वन-स्टॉप करिअर सेंटरला जा, नोकरी शोधणाऱ्यांच्या ट्रेनिंगसाठी त्यांच्याकडे फेडरल पैसे असतात, ग्रीन कार्ड असेल तर अर्ज करता येतो. मात्र कोर्सचे पैसे भरायच्या आधी जा, मंजुरी आधी घ्यावी लागते.

आणि मुलाला एक सांगून ठेवा. पूर्ण पेल हवी तर सेमिस्टरला 12 क्रेडिट (विषयांचे गुणांक) घ्यावी लागतात, सहा घेतली तर निम्मी. पहिल्या सेमिस्टरला इंग्लिश जड जातं म्हणून मुलं मधेच क्लास सोडतात, पण सेमिस्टरचा 60 टक्के भाग व्हायच्या आत सगळेच क्लास सोडले तर मिळालेल्या एडचा काही भाग परत मागतात. एखादा सोडला तरी ते पूर्ण न केलेल्या क्रेडिटमध्ये धरतात आणि पूर्ण केलेल्या क्रेडिटचं प्रमाण घसरलं की पुढची एड थांबू शकते. जड वाटलं तर आधी ट्युटरिंग सेंटरला जायला सांगा, ते फुकट असतं, आणि क्लास सोडायचाच झाला तर एड ऑफिसला विचारल्याशिवाय नाही.